मज्जातंतूंचा कारभार

मिरजेस तंतुवाद्यें करणारा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावावयास बसला, म्हणजे घोडीवर तारेच्या खालीं सुताचा बारीक धागा सरकवितो, आणि तार छेडीत छेडीत तो धागा केसभर मागेंपुढें करीत राहतो. स्वर भरून उमटला कीं त्याचें बोट थांबतें. धागा किती सरकला हें पाहणाऱ्याच्या डोळ्यांना उमगत नाहीं. कारागिराच्या बोटाच्या टोंकाला तें समजतें. ह्या एका क्षणांत त्या बोटाकडून तीन निरनिराळीं कामें होत असतात. धाग्याचा स्पर्श बोट वर कळवितें. वरून आलेल्या आज्ञेप्रमाणें तें हलतें व थांबतें. आणि त्वचेंतील घर्मग्रंथि त्याला किंचित् ओलसर ठेवीत असल्यामुळें धागा चिमटींतून निसटत नाहीं. पहिल्या दोन कामांची जाणीव कारागिराला असते, तिसऱ्याची नसते. हीं तिन्ही कामें बोटाचीं म्हणून दिसतात. पण बोटाकडे आलेल्या मज्जातंतूंवांचून त्यांपैकीं एकही होणार नाहीं.

रक्त मिळालें नाहीं तर अवयव मरतो, हें कोणासही ठाऊक असतें. रक्त भरपूर मिळत आहे, पण मज्जातंतु मात्र नाहींसे झाले, तर त्याच अवयवाचें काय होतें, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं.

कवटींतून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात, आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपासून ३१. चेहरा, डोळे, जीभ, कान हे पहिल्या वर्गाच्या ताब्यांत. मानेखालचें बहुतेक शरीर दुसऱ्याच्या. ह्या वांटणींत एक अपवाद आहे. कवटींतून निघणारी दहावी जोडी मानेंतून छातींत उतरते, हृदय व फुप्फुसें यांना फांद्या देते, आणि तेथून पोटांत जाऊन जठर व आंतडीं यांपर्यंत पोहोंचते. पाश्चात्य वैद्यांनीं तिला ‘भटका’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें आहे, आणि तें शोभतें.

डोळ्यांना एक दोरी दिसते, तींत खरें पाहतां हजारों सूक्ष्म धागे असतात. कांहीं बातमी आंत आणतात, कांहीं आज्ञा बाहेर नेतात, आणि कांहीं असे असतात कीं त्यांचा कारभार मालकाला विचारल्यावांचूनच चालतो. पाठ्यपुस्तकें ह्या सर्वांना तारायंत्राची उपमा देतात. ती एका मर्यादेपर्यंत ठीक आहे. पण तार तांब्याची असते, आणि मज्जातंतु हा जिवंत पेशीचा लांबविलेला हात असतो. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला धागा कमरेच्या मणक्यांजवळ असलेल्या आपल्या पेशीपर्यंत अखंड असतो. उंच माणसांत एकाच पेशीची ही लांबी मीटरभर भरते. धाग्याचें सर्व पोषण त्या दूरच्या पेशीकडून येतें. मध्यें कोठें तो तुटला, तर पलीकडचा तुकडा मरतो, आणि नवा कोंब फुटून वाढूं लागलाच तर दिवसाला सुमारें एक मिलिमीटर ह्या गतीनें वाढतो. कोपराशीं तुटलेल्या तंतूला करंगळीचें टोंक गांठावयास ह्या हिशेबानें वर्षाहून अधिक काळ लागतो. आणि तोपर्यंत वाट पाहणारा स्नायु पुष्कळदां सुकून गेलेला असतो.

सर्व धागे एकाच वेगाचेही नसतात. उंबऱ्याला पायाचें बोट ठेंचाळलें, म्हणजे प्रथम एक तीक्ष्ण कळ उठते, आणि क्षणभरानें मागाहून दुसरी, जड व रेंगाळणारी वेदना येते. आघात एकच असतो, पण वार्ता दोन वाटांनीं आलेली असते. जाड, वेष्टनयुक्त धागे ती झपाट्यानें पोहोंचवितात; अगदीं बारीक, वेष्टनहीन धाग्यांचा वेग सेकंदाला सुमारें एक मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याइतकाच असतो. धाग्यांची वांटणीही सारखी नाहीं. कैवाराचीं दोन टोंकें दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोंकाला हलकेच लावलीं, तर तो दोन टोंकें सांगतो. पाठीवर तींच चार-चार सेंटिमीटर लांब केलीं तरी पुष्कळांना एकच वाटतें. घरांतील मुलांना हा प्रयोग फार आवडतो. टोंकें मात्र बोथट असावीं.

मज्जातंतूंचा हा कारभार सुरळीत चालू असतां कोणाच्या लक्षांत येत नाहीं. त्याचें बरेंचसें ज्ञान त्याच्या बिघाडांवरून झालें आहे, आणि अशा बिघाडांचे तीन ठळक नमुने सातारा-सांगलीच्या मुलखाला पूर्वीपासून परिचित आहेत. शिराळा, वाळवें, तासगांव हे आज सांगलीकडे असलेले भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. त्या वर्षीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, सांगली-मिरजेचीं संस्थानें त्यांत आलीं, आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें.

पहिला नमुना मिरजेचा. डॉ. विल्यम वॉन्लेस हे १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. मिरजेचें त्यांचें रुग्णालय १८९४ मध्यें उघडलें, आणि पुढें दूरदूरच्या प्रांतांतून रोगी तेथें येऊं लागले. त्यांच्याच कारकीर्दींत मिरजेस कुष्ठरुग्णांसाठीं स्वतंत्र आश्रय उभा राहिला. रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय ह्या नांवानें तो ओळखला जाऊं लागला. कुष्ठाला मागील पिढ्या महारोग म्हणत, आणि तो कातडीचा रोग समजत. कातडीवर तो दिसतो हें खरें. परंतु त्याचा खरा आघात मज्जातंतूंवर असतो. नॉर्वेचे हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं ह्या रोगाचा जंतु शोधून काढला. धाग्यांभोंवतीं वेष्टनाच्या ज्या पेशी असतात, त्यांतच हा जंतु घर करतो. त्याला थंडावा मानवतो. म्हणून मज्जातंतु जेथें त्वचेच्या अगदीं जवळून जातो, तेथें तो जोर धरतो.

कोपराच्या आंतल्या अंगाला हाडाच्या खोबणींतून असा एक मज्जातंतु जातो. टेबलाच्या कडेवर तेथें आपटलें असतां करंगळीपर्यंत झिणझिण्या धांवतात, हा अनुभव सर्वांचा आहे. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू येथील स्पर्शज्ञान ह्याच तंतूकडे असतें, आणि तळहातांतील बहुतेक लहान स्नायूही त्याच्याच हुकमांतले. रोग्याच्या कोपरापाशीं तो चांचपला, तर कित्येकदां दोरीसारखा जाड झालेला हाताला लागतो. मग करंगळीच्या बाजूला ऊन-थंड समजेनासें होतें, हलका स्पर्श जातो, वेदना जाते. तेथें घाम येत नाहीं, आणि कातडी कोरडी पडून तिला भेगा जातात. बोटांमधील मांस झडतें. करंगळी व अनामिका आंत वळून नख्यांसारख्या होतात. तीन प्रकारचे धागे एकाच दोरींत असल्यामुळें तिन्ही कामें एकदम बुडतात. हीच गत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या तंतूची झाली, तर पाऊल उचलतां येत नाहीं, तें जमिनीवर घासत जातें. घोट्याच्या आंतील बाजूचा गेला, तर तळवा बधिर होऊन चप्पल पायांतून केव्हां निसटली तें कळत नाहीं. चेहऱ्यावरील तंतु गेला, तर पापणी मिटत नाहीं. आणि डोळ्याच्या बुबुळालाही स्पर्श कळत नसला, तर धुळीचा कण आंत राहून डोळा जातो, तरी त्या माणसाला खुपत नाहीं.

ह्या रोगानें बोटें झडून पडतात, असा समज शतकानुशतकें चालत आला. वेल्लोर येथें १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं रोग्यांचें दैनंदिन वर्तन बारकाईनें पाहिलें, तेव्हां निराळीच गोष्ट उघडकीस आली. बोटें रोगानें आपोआप गळत नव्हतीं. तीं रोज थोडीं थोडीं खर्च होत होतीं. तापलेली कढई सांडशीवांचून उचलली जाई. विडी चामड्यापर्यंत जळत येई. गंजलेली किल्ली फिरेना म्हणून इतका जोर लावला जाई कीं कातडी फाटून हाड दिसे, आणि तरी हात थांबत नसे. झोपेंत उंदरांनीं बोटें कुरतडल्याचेंही आढळलें. निरोगी माणसाला काटा रुतला कीं तो लंगडतो, आणि त्या लंगडण्यानेंच जखम भरते. ज्याला तो रुतल्याचें कळत नाहीं, तो त्याच पायानें कोसभर चालून जातो. वेदनेची निंदा करणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

ब्रँड यांनीं वळलेल्या बोटांवर जी शस्त्रक्रिया केली, ती मज्जातंतूंच्या दृष्टीनें मोठी मनोरंजक आहे. ज्या स्नायूचा मज्जातंतु मेला तो स्नायु कुचकामी; पण हाताच्या वरच्या भागांत ज्यांचे तंतु शाबूत आहेत असे स्नायु शिल्लक असतात. अशा एका स्नायूची दोरी तिच्या मूळ जागेवरून सोडवून बोटांना जोडून द्यावयाची. स्नायु तोच, त्याचा तंतुही तोच. काम मात्र नवें. सुरुवातीला रोग्यानें बोट सरळ करावयाचें मनांत आणलें तरी तें होत नाहीं. जुनी हालचाल करावयास गेला कीं बोट सरळ होतें. कांहीं आठवड्यांच्या सरावानें मेंदू हा फेरबदल अंगवळणी पाडून घेतो, आणि हातानें घास तोंडाकडे जाऊं लागतो. गेलेला स्पर्श मात्र ह्या उपायानें परत येत नाहीं.

१९८२ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. सरकारी आरोग्यकेंद्रांत औषध फुकट मिळतें. २००५ च्या अखेरीस देशभरांतील प्रमाण दहा हजारांत एकाच्या खालीं आलें. तथापि नवे रोगी आढळण्याचें थांबलेलें नाहीं. औषध जंतूला मारतें, मेलेल्या तंतूला उठवीत नाहीं. तंतु सुजलेला आहे पण अजून मेलेला नाहीं, असा जो मधला काळ असतो, त्यांत स्टेरॉइड देऊन तो पुष्कळदां वांचवितां येतो. म्हणून सर्व भिस्त लवकर ओळखण्यावर आहे. आणि येथेंच अडचण आहे. पहिला फिकट किंवा तांबूस चट्टा खाजत नाहीं, दुखत नाहीं. त्यामुळें त्याच्यासाठीं वैद्याकडे कोणी जात नाहीं. खाजणाऱ्या नायट्याची चिंता घरोघरीं होते, न खाजणाऱ्या चट्ट्याची होत नाहीं. वास्तविक दुसऱ्याचीच अधिक व्हावयास हवी. डोळे मिटून त्या जागेवर कापसाचा बोळा टेकविला आणि तो टेकलेला समजला नाहीं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.

दुसरा नमुना शिराळ्याचा. बत्तीस शिराळ्यास नागपंचमीला जिवंत नाग पकडून आणून त्यांची पूजा करण्याची चाल होती, आणि ती पाहावयास लांबून लोक येत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयानें २००२ सालीं दिलेला आदेश यांनीं त्या चालीवर बंधनें आलीं. नागाचें विष शरीरांत काय करतें, हें समजण्यास मज्जातंतु व स्नायु यांच्या सांध्याकडे पाहिलें पाहिजे. तंतु स्नायूला चिकटलेला नसतो. दोहोंमध्यें एक फट असते, सुमारें मिलिमीटरच्या वीसहजाराव्या भागाएवढी. आज्ञा फटीपर्यंत विजेच्या रूपानें येते. पलीकडे मात्र रसायनाच्या रूपानें जाते. तंतूच्या टोंकांतून असेटिलकोलीन नांवाचें द्रव्य सुटतें, समोरच्या स्नायूवर त्याच्यासाठीं ठेवलेल्या जागीं जाऊन बसतें, आणि स्नायु आकसतो. अशा रासायनिक निरोपांचा शोध लावल्याबद्दल हेन्री डेल व ऑटो लोवी यांना १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. नागाचें विष ह्या जागाच अडवून बसतें. तंतु शाबूत, स्नायु शाबूत. पण निरोप घेणारें कोणी नाहीं.

प्रथम पापण्या जड होऊन खालीं येतात. नंतर एका वस्तूच्या दोन दिसूं लागतात. बोलणें जड होतें, गिळवत नाहीं, मान सांवरत नाहीं. अखेरीस श्वासाचे स्नायु थकतात. ह्या अवस्थेंत रोग्याला ऐकूं येत असतें. भोंवतालचीं माणसें काय बोलतात तें त्याला समजतें, चिमटा घेतल्यास दुखतें. पण बोटही उचलतां येत नाहीं. कुष्ठांत बातमी आंत येईनाशी होते. येथें बातमी येते, फक्त आज्ञा पोहोंचत नाहीं. आणि हृदय मात्र चालूच असतें. कारण हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्याच पेशींतून उठतात. मज्जातंतु त्याला मंद किंवा जलद करतात, सुरू करीत नाहींत. शिवाय हृदयावरील निरोपाच्या जागा निराळ्या घडणीच्या असल्यामुळें हें विष तेथें बसत नाहीं. म्हणूनच श्वास थांबलेला हा माणूस मेलेला नसतो. यंत्रानें किंवा हातानें त्याला श्वास देत राहिलें, तर तो वांचतो. त्याला निश्चेष्ट पाहून रडूं लागणाऱ्या नातेवाइकांना हें ठाऊक असणें फार अगत्याचें आहे.

मण्याराचें विष ह्याहून वाईट. तो बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. चावा इतका सूक्ष्म कीं पुष्कळदां झोपही मोडत नाहीं. त्याचें विष समोरच्या जागा अडवून न राहतां मज्जातंतूचें टोंकच निकामी करतें. नागाच्या विषावर निओस्टिग्मीनचा बराच गुण येतो, कारण तें औषध असेटिलकोलीनचा सांठा वाढवितें. मण्याराच्या विषावर त्याचा भरंवसा नाहीं, कारण सांठा सोडणारें टोंकच उरलेलें नसतें. तेथें नवीं टोंकें उगवेपर्यंत कित्येक दिवस यंत्राच्या श्वासावर काढावे लागतात. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारें प्रतिविष जितक्या लवकर मिळेल तितकें चांगलें. मंत्रानें विष उतरल्याच्या कथा गांवोगांव ऐकूं येतात. चावतांना सापानें विष न सोडल्याचे प्रसंग थोडे नसतात, आणि त्या कीर्तीचा पुष्कळसा भाग त्या कोरड्या चाव्यांनाच द्यावा लागेल.

आतां उरला तो न विचारतां चालणारा कारभार. जठर, आंतडीं, हृदय, रक्तवाहिन्या, घर्मग्रंथि, डोळ्यांतील बाहुली ह्या सर्वांना दोन परस्परविरोधी प्रकारचे तंतु, किंवा निदान त्यांपैकीं एक, मिळालेला असतो. एक धांवपळीच्या वेळीं हृदय जलद करतो, कातडीचें रक्त आवळतो, घाम आणतो. दुसरा जेवणानंतरच्या स्वस्थतेंत हृदय मंद करून पचनाला हात देतो. ह्या अंतरिंद्रियांतून बातमीही येते, पण ती मोठी अडाणी असते. आंतडें कापलें तरी दुखत नाहीं, ताणलें तर दुखतें. दुखतें कोठें तेंही धड सांगतां येत नाहीं. हृदयाच्या वेदनेचे धागे मज्जारज्जूच्या ज्या भागांत शिरतात, त्याच भागांत डाव्या हाताचे धागेही येतात. हाताकडून जन्मभर बातम्या आलेल्या, हृदयाकडून क्वचितच. म्हणून मेंदू ती वेदना हाताच्या नांवावर मांडतो. डावा दंड किंवा जबडा दुखतो म्हणून तेल चोळीत बसलेल्या प्रौढ गृहस्थाचें दुखणें कधीं कधीं छातींत असतें, आणि अशा वेळीं तेलापायीं गेलेला तास महाग पडतो.

ह्या अनैच्छिक तंतूंचा क्षोभ काय करतो, हें तांबड्या विंचवाच्या दंशांत दिसतें. तिसरा नमुना तो. साताऱ्याच्या माळावर, दगडांच्या गडग्यांत, लांकडांच्या ढिगाऱ्यांत हा विंचू असतो, आणि घांट उतरून कोंकणांत गेलें तर तेथेंही पुष्कळ. त्याचें विष तंतूंचीं सोडियमचीं दारें उघडींच ठेवतें. तंतु मुका होत नाहीं, उलट अखंड ओरडत सुटतो. दंशाच्या जागीं असह्य आग होते. तिच्याच भीतीनें माणूस घाबरतो. परंतु धोका तेथें नसतो. प्रथम ओकारी, लाळ, दरदरून घाम. मग हातपाय गार पडतात, कारण कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्ताचा दाब चढतो. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलतां ढकलतां थकवा येतो, फुप्फुसांत पाणी भरतें, आणि लहान मूल पुष्कळदां एका दिवसाच्या आंत दगावतें. निदान दगावत असे. महाबळेश्वरावरून पोलादपूरमार्गें खालीं उतरलें कीं महाड लागतें. तेथें काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं खेड्यांतील असे रोगी रात्रंदिवस शेजारीं बसून पाहिले, आणि हा प्रकार विषानें हृदय जळण्याचा नसून अनैच्छिक तंतूंच्या खवळण्याचा आहे हें ओळखून, आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध वापरलें. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांचे लेख ‘लॅन्सेट’मध्यें छापून आले, पूर्वीं मृत्यूचें जें प्रमाण असे तें त्यामुळें फार खालीं आलें, आणि २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पुढें विंचवाचें प्रतिविषही जोडीला आलें.

ह्या उपचारांत वैद्याचें लक्ष दंशाच्या जागेकडे फारसें नसतें. मुलाला पडून राहूं देतात, आणि दर कांहीं वेळानें त्याचीं पावलें हातानें पाहतात. दंशाची जागा पुन्हां दुखूं लागली, म्हणून मूल रडूं लागलें तरी वैद्याला वाईट वाटत नाहीं. पावलें कोरडीं आणि ऊबदार लागलीं, म्हणजे रक्तवाहिन्यांवरची आवळ सुटली असें समजून तो औषधाची पुढील मात्रा थांबवितो.